विश्लेषण : आजोबांचे जुने पिस्तूल संग्रहात ठेवता येते का? ‘विंटेज’ शस्त्रांबाबत भारतीय कायदा काय सांगतो?

वाड्याची वाटणी होते, माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली उतरते आणि जुन्या कागदपत्रांखाली फडक्यात गुंडाळलेले पिस्तूल निघते. कुणाचे आजोबा लष्करात होते, कुणाचे पणजोबा संस्थानच्या चाकरीत. घरात आधीच एखादी परवानाधारक बंदूक असते. त्यामुळे ‘हे जुने पिस्तूलही संग्रहात राहू दे, गोळी थोडीच झाडायची आहे’ असा विचार सहज मनात येतो.

मात्र भारतात या प्रश्नाचे उत्तर पिस्तूल किती जुने आहे, यावर ठरत नाही. ते गोळी झाडू शकते का, त्याचा बोअर कोणता आणि परवान्यावर कुणाचे नाव आहे, या तीन गोष्टी निर्णायक असतात. त्यात चूक झाली, तर घरातली आठवण थेट फौजदारी गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते. नेमके नियम काय आहेत?

एका व्यक्तीला किती शस्त्रे बाळगता येतात?

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ नुसार परवान्याशिवाय कोणतेही अग्निशस्त्र किंवा काडतूस मिळवणे, ताब्यात ठेवणे किंवा सोबत नेणे हा गुन्हा आहे. परवाना असला तरी संख्येवर मर्यादा आहे. १९८३ च्या दुरुस्तीनंतर ही मर्यादा तीन शस्त्रांची होती. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने कायद्यात पुन्हा दुरुस्ती केली. मूळ विधेयकात एका व्यक्तीला एकच शस्त्र ठेवण्याचा प्रस्ताव होता. त्याला विरोध झाल्यानंतर मर्यादा दोन शस्त्रांवर आणण्यात आली.

ज्यांच्याकडे तेव्हा दोनहून अधिक शस्त्रे होती, त्यांना कोणतीही दोन निवडून उरलेली एका वर्षाच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करण्यास सांगण्यात आले. लष्करातील व्यक्तींना युनिटच्या शस्त्रागाराचा पर्याय होता. त्यानंतर अशा शस्त्रांचा परवाना रद्द करण्याची तरतूद आहे.

संग्रहाची हौस असलेल्यांसाठी याच दुरुस्तीतील एक वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. वारसाहक्काने किंवा पिढीजात ठेवा म्हणून परवाना देतानाही दोन शस्त्रांची मर्यादा ओलांडता येणार नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो. म्हणजे वडिलांची बारा बोअर बंदूक आणि स्वतःचे रिव्हॉल्व्हर आधीच परवान्यावर असेल, तर आजोबांचे पिस्तूल नावावर घेण्यासाठी आधीच्या दोहोंपैकी एक सोडावे लागेल. परवानाधारक विक्रेते आणि नेमबाजी क्लब यांच्यासाठी वेगळ्या तरतुदी आहेत. नामांकित नेमबाजांनाही नियमांनुसार अधिक शस्त्रे बाळगता येतात. सामान्य हौशी संग्राहक मात्र या सवलतीत बसत नाही.

शंभर वर्षे जुने असेल तर परवाना लागत नाही का?

सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्याबाबत आहे. कायद्याच्या कलम ४५ मध्ये काही शस्त्रांना सूट आहे. कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्य असलेले किंवा मोडकळीस आलेले शस्त्र या सुटीत येऊ शकते. पण त्यापुढे एक अट आहे. ते शस्त्र दुरुस्ती न करता आणि दुरुस्ती करूनही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे.

सगळा फरक ‘दुरुस्ती करूनही’ या शब्दांनी पडतो. स्प्रिंग तुटली आहे, घोडा अडकतो, मॅगझिन हरवले आहे, एवढ्याने पिस्तूल कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. स्प्रिंग बदलता येते, मॅगझिन बनवता येते. गंजाने नळी आणि काडतुसाची जागा पार खाऊन टाकली असेल, तर गोष्ट वेगळी. पण ते ठरवायचे कोणी? घरमालकाचे मत इथे चालत नाही. गुन्हा नोंद झाल्यास शस्त्र न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाते आणि बॅलिस्टिक तज्ज्ञाचा अहवाल महत्त्वाचा ठरतो. शंभर वर्षांपूर्वीचे चांगल्या पोलादाचे पिस्तूल कोरड्या जागी तेल लावून ठेवले असेल, तर आजही गोळी झाडू शकते. तसे झाले तर वयाचा मुद्दा उरत नाही.

आणखी एक गल्लत पुरावस्तू कायद्यामुळे होते. पुरावस्तू आणि कलासंपदा अधिनियम १९७२ नुसार ऐतिहासिक महत्त्वाची, किमान शंभर वर्षे जुनी वस्तू ‘पुरावस्तू’ ठरू शकते. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पण पुरावस्तू ठरली म्हणून शस्त्र परवान्याची गरज आपोआप संपत नाही. हे दोन वेगळे कायदे आहेत आणि एकाच पिस्तुलाला दोन्ही लागू होऊ शकतात.

२०२० च्या ‘क्यूरिओ’ सवलतीचे काय?

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने शस्त्र नियम २०१६ मध्ये दुरुस्ती केली. त्यानुसार ‘क्यूरिओ’ म्हणजे दुर्मीळ संग्राह्य वस्तू या प्रकारात मोडणारी लहान शस्त्रे मिळवण्यासाठी आणि ताब्यात ठेवण्यासाठी भारतीय नागरिकांना परवाना लागत नाही. समाजमाध्यमांवर याचा अर्थ ‘जुन्या बंदुकीला आता परवाना नको’ असा काढला गेला. तो अपुरा आहे.

त्याच अधिसूचनेत सवलतीला कुंपण घातले आहे. असे शस्त्र वापरायचे, सोबत न्यायचे किंवा एका ठिकाणाहून दुसरीकडे हलवायचे असेल, तर योग्य परवाना लागतो. मालकाच्या परवान्यावर त्या शस्त्राची नोंद नसेल, तर त्यासाठी काडतुसे विकता येत नाहीत. म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटमधून गावच्या घरी पिस्तूल पिशवीत घालून नेणे हेही ‘फक्त संग्रह’ या व्याख्येत बसत नाही.

आपल्याकडचे पिस्तूल क्यूरिओ आहे, असे स्वतःच ठरवून निर्धास्त होणे धोक्याचे. परवाना अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज करून तसे लेखी उत्तर घेणे हाच सुरक्षित मार्ग.

पिस्तुलाचा बोअर एवढा महत्त्वाचा का?

बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास. त्यावरून शस्त्रात कोणते काडतूस बसते, ते कळते. भारतात शस्त्रांचे ‘प्रतिबंधित बोअर’ आणि ‘अप्रतिबंधित बोअर’ असे ढोबळ दोन गट पडतात. लष्कर आणि पोलिसांची काडतुसे नागरी शस्त्रात वापरता येऊ नयेत, हा त्यामागचा विचार.

शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीनुसार .३८० किंवा .४५५ इंची रिमची काडतुसे, तसेच लष्करी ९ मिमी किंवा .४५ इंची बिनरिमची काडतुसे ज्यात भरून झाडता येतात, अशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित गटात येतात. गंमत म्हणजे जगभरचे संग्राहक ज्यांच्या मागे असतात, त्यातली अनेक नावे नेमकी याच यादीत अडकतात.

- वेब्ली मार्क ६ : पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैन्याचे रिव्हॉल्व्हर, बोअर .४५५. प्रतिबंधित.
- एनफिल्ड क्रमांक २ आणि वेब्ली मार्क ४ (.३८) : दुसऱ्या महायुद्धातील रिव्हॉल्व्हर, ज्यात .३८० ची लष्करी काडतुसे बसतात. प्रतिबंधित.
- कोल्ट १९११ : अमेरिकी सैन्याचे पिस्तूल, बोअर .४५. प्रतिबंधित.
- ल्युगर पी०८ : जर्मन सैन्याचे ९ मिमी पिस्तूल. प्रतिबंधित.
- कोल्ट १९०३, वेब्ली अँड स्कॉटची खिशातली पिस्तुले यांचे .३२ बोअरचे नमुने : अप्रतिबंधित.

एकाच नावाचे पिस्तूल वेगवेगळ्या बोअरमध्ये बनलेले असू शकते. त्यामुळे नाव वाचून अंदाज बांधू नये. नळीवर किंवा चौकटीवर कोरलेला बोअर आणि तज्ज्ञाची तपासणी यांवरच विसंबावे.

हा फरक शिक्षेतही दिसतो. परवान्याशिवाय साधे अग्निशस्त्र बाळगल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांचा कारावास आणि दंड आहे. आधी ही शिक्षा एक ते तीन वर्षांची होती. प्रतिबंधित शस्त्राबाबत ती किमान सात आणि कमाल चौदा वर्षांपर्यंत जाते. अप्रतिबंधित बोअरचा परवाना आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हा दंडाधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी देतात. प्रतिबंधित बोअरची परवानगी थेट केंद्र सरकारकडून लागते.

वडिलांच्या निधनानंतर त्यांचे पिस्तूल कुणाचे?

जमीन किंवा दागिन्यांप्रमाणे शस्त्र वारसाकडे आपोआप येत नाही. परवाना व्यक्तीचा असतो. ती व्यक्ती गेली की घरातल्या इतरांचा ताबा कायदेशीर राहत नाही. अशा वेळी कलम २१ नुसार विनाविलंब शस्त्र आणि काडतुसे जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागतात.

अनेक घरांत नेमके इथेच दुर्लक्ष होते. दिवसकार्य, बँकेची कामे, सातबाऱ्यावरच्या नोंदी होतात आणि कपाटातले पिस्तूल तसेच राहते. दहा वर्षांनी परवान्याचा कागद हाती लागतो, तेव्हा तो केव्हाच मुदतबाह्य झालेला असतो.

जमा केले म्हणजे शस्त्र गेले, असे मात्र नाही. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःच्या नावे परवाना मिळवला, तर शस्त्र परत मिळते. परवाना नको असेल, तर पात्र व्यक्तीला ते विकण्याचा हक्कही वारसाला आहे. मुदतीत यातले काहीच केले नाही, तर जिल्हा दंडाधिकारी ते सरकारजमा करण्याचा आदेश देऊ शकतात.

वडील हयात असतानाही मार्ग आहे. शस्त्र नियम २०१६ नुसार परवानाधारकाचे वय ७० झाले किंवा शस्त्र २५ वर्षे ताब्यात राहिले, यापैकी जे आधी घडेल त्यानंतर ते आपल्या कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची विनंती करू शकतात. वारसालाही पोलीस पडताळणी, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण या पायऱ्या चुकत नाहीत. वारस अनेक असतील, तर इतरांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र लागते. वय २१ वर्षांपेक्षा कमी असेल, तर सर्वसाधारणपणे परवाना मिळत नाही.

विंटेज पिस्तूल विकत घेता येते का?

येते, पण दोन अटींवर. पहिली, परवान्यावर जागा हवी. दुसरी, विकणाराही कायदेशीर मालक हवा. खासगी परवानाधारकाने दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र विकायचे असेल, तर विक्रीचा इरादा आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावा लागतो. त्यानंतर ४५ दिवस उलटल्याशिवाय शस्त्र हस्तांतरित करता येत नाही. ‘आधी घेऊन जा, कागद नंतर करू’ हा व्यवहार दोघांनाही अडचणीत आणणारा आहे.

पहिल्यांदाच परवाना मागणाऱ्याला ‘संग्रहासाठी’ एवढेच कारण सांगून तो मिळणे कठीण. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी जिवाला असलेला धोका, कामाचे स्वरूप किंवा नेमबाजीचा खेळ अशी कारणे प्रामुख्याने विचारात घेतली जातात. त्यामुळे भारतात बहुतेक जुनी पिस्तुले घराण्यातूनच पुढच्या पिढीकडे जातात. १९८० च्या दशकापासून सामान्य नागरिकांसाठी शस्त्रांची आयात जवळपास बंद असल्याने बाजारात आहेत तीच शस्त्रे फिरत राहतात. जुन्या विदेशी बनावटीच्या .३२ पिस्तुलांना म्हणूनच काही लाखांची किंमत येते.

अमेरिकेतून किंवा ब्रिटनमधून आणले तर?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या नातेवाइकांकडे जुन्या पिस्तुलांनी भरलेली कपाटे पाहून अनेकांना प्रश्न पडतो. तिथले गणित मुळातच वेगळे आहे. अमेरिकी संघराज्याच्या कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेले अग्निशस्त्र ‘अँटिक’ मानले जाते आणि त्याला बहुतांश नियमांतून सूट मिळते. किमान ५० वर्षे जुन्या शस्त्रांसाठी ‘क्यूरिओ अँड रेलिक’ हा वेगळा संग्राहक परवाना आहे. त्याचे शुल्क तीन वर्षांसाठी ३० डॉलर. राज्यांचे नियम त्याखेरीज. म्हणजे तिथे वयाला थेट कायदेशीर किंमत आहे.

ब्रिटनने उलट टोक गाठले. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधील डनब्लेन येथील शाळेत १६ मुले आणि त्यांच्या शिक्षिकेची गोळ्या झाडून हत्या झाली. त्यानंतर १९९७ मध्ये खासगी पिस्तुलांवर जवळपास पूर्ण बंदी आली. तरी संग्राहकांसाठी एक फट ठेवण्यात आली. १९१९ पूर्वी बनलेली आणि ज्यांची काडतुसे सहज मिळत नाहीत, अशी पिस्तुले विशेष परवानगीने घरी ठेवता येतात. ऐतिहासिक महत्त्वाची इतर काही पिस्तुले ठरवून दिलेल्या सुरक्षित जागीच ठेवावी लागतात. मालकी तुमची, पण कुलूप दुसऱ्याचे, असा हा प्रकार.

तिथे कायदेशीर असलेले पिस्तूल बॅगेत टाकून भारतात आणता येत नाही. परदेशातील वास्तव्य कायमचे संपवून परतणाऱ्यांना अप्रतिबंधित बोअरचे एक शस्त्र आणण्याची मर्यादित सवलत आहे. त्यासाठी भारतातील परवाना, परदेशात ते शस्त्र आधीपासून ताब्यात असल्याचा पुरावा, सीमाशुल्क आणि नंतर विक्रीवर बंधन अशा अटी आहेत.

घरात अचानक पिस्तूल सापडले तर काय करावे?

- चाप ओढून पाहू नका. जुने पिस्तूल भरलेले असू शकते. हाताळणीची माहिती नसेल, तर आहे तिथेच ठेवा आणि मुलांना दूर ठेवा.
- जुनी काडतुसे वेगळी करण्याचा, घासण्याचा किंवा तापवण्याचा प्रयत्न करू नका. ती ताब्यात ठेवण्यासाठीही परवाना लागतो.
- मूळ परवाना, खरेदीची पावती, लष्करी सेवेची कागदपत्रे शोधा. परवान्यावरचा क्रमांक आणि पिस्तुलावरचा क्रमांक जुळतो का, हे सर्वांत महत्त्वाचे.
- पिस्तूल स्वतः घेऊन पोलीस ठाण्यात जाण्यापेक्षा आधी फोन करा किंवा लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्या. कागद अजिबात नसतील, तर आधी वकिलाशी बोला.
- वर्कशॉपमध्ये नेऊन नळी वेल्डिंगने बंद करू नका. क्रमांक घासून काढणे तर स्वतंत्र गुन्हा आहे.
- फोटो किंवा रील टाकू नका. शस्त्रासोबतच्या पोस्टवरून राज्यात पोलिसांनी वारंवार गुन्हे दाखल केले आहेत.

शस्त्र घरात आहे हेच माहीत नसेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मधील एका निकालात स्पष्ट केले आहे की, शस्त्र कायद्याखाली ताबा सिद्ध होण्यासाठी त्या ताब्याची जाणीव असणे आवश्यक आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत काय आहे हे ठाऊक नसलेल्याला याचा आधार मिळू शकतो. पण ट्रंक उघडल्या क्षणापासून तो आधार कमकुवत होत जातो. म्हणूनच सापडल्यानंतरचे पहिले काही दिवस महत्त्वाचे.

परवाना मिळत नसेल, तर इतिहास भंगारात जाणार का?

शस्त्राचे ऐतिहासिक मोल त्याच्या नोंदीत असते. भगतसिंग यांनी वापरलेले .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल हे याचे ठळक उदाहरण. अनेक वर्षे ते सीमा सुरक्षा दलाच्या इंदूर येथील शस्त्रसंग्रहालयात इतर शस्त्रांमध्ये पडून होते. गंजू नये म्हणून लावलेल्या काळ्या रंगाखाली त्याचा क्रमांक झाकला गेला होता. रंग खरवडल्यावर १६८८९६ हा क्रमांक दिसला, तो जुन्या नोंदींशी जुळला आणि पिस्तुलाची ओळख पटली. २०१७ मध्ये ते पंजाबमधील हुसैनीवाला येथे नेण्यात आले. क्रमांक नसता, तर ते फक्त एक जुने कोल्ट राहिले असते.

घरच्या पिस्तुलाबाबतही हेच खरे. ते कुणी, कधी, कुठे घेतले, कोणत्या युद्धात किंवा नोकरीत वापरले, याची माहिती असलेली पिढी हयात आहे तोवर ती लिहून काढता येते. या कामाला कोणताही परवाना लागत नाही. शस्त्र नावावर घेणे शक्य नसेल आणि त्याला खरोखर ऐतिहासिक मोल असेल, तर परवाना अधिकाऱ्याच्या मंजुरीने ते संग्रहालयाला देण्याबाबत विचारणा करता येते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय किंवा मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जुन्या शस्त्रांची दालने आहेत. अर्थात प्रत्येक वस्तू स्वीकारायची की नाही, हा निर्णय संग्रहालयाचा.

थोडक्यात, भारतात ‘विंटेज’ हा शब्द बाजाराचा आहे, कायद्याचा नाही. गोळी झाडू शकणाऱ्या पिस्तुलाला, मग ते १९१५ चे असो वा २०१५ चे, परवाना लागतो आणि संग्रह दोन शस्त्रांवर थांबतो. ज्यांच्या घरात वडीलधाऱ्यांच्या नावावर जुने शस्त्र आहे, त्यांनी परवान्याची मुदत आणि वारसाचे नाव आजच तपासलेले बरे. ही कागदपत्रे सर्वांत सोप्या रीतीने तयार होतात ती परवानाधारक स्वतः सही करायला हयात असतानाच.